गंगथडी ते बालाघाट : दोन दिवसांच्या अभ्याससहलीविषयी

गोदाकाठची गंगथडी आणि बीडचा बालाघाट हे दोन प्रदेश एकाच फेरीत दाखवणाऱ्या एका स्थानिक गटाबरोबर मी गेल्या डिसेंबरात दोन दिवस फिरलो. पैठण, राक्षसभुवन, माजलगाव आणि धारूर असा मार्ग होता. प्रेक्षणीय स्थळे उरकण्याऐवजी माती, पाणी आणि पोटापाण्याचा धंदा यांचा संबंध उलगडून दाखवावा, हा या सहलीचा हेतू असून तो बहुतांशी साध्य होतो.

आमचे मार्गदर्शक निवृत्त भूगोलशिक्षक होते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या जायकवाडी धरणाचे २७ दरवाजे, जालना-परभणीकडे जाणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि माजलगाव धरणाला पाणी पुरवणारा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा त्यांनी नकाशासह नीट समजावून दिला. मात्र या जलाशयासाठी शंभराहून अधिक गावांना झळ बसली, हा विषय एका वाक्यात आटोपला, ही मला मोठी उणीव वाटली. पैठणीच्या मागासाठी दिलेली वीस मिनिटेही अपुरीच होती.

राक्षसभुवनला मात्र सरांची वाणी खुलली. १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामाचे अर्धे सैन्य पलीकडे उतरलेले असताना दक्षिण तीरावर मागे राहिलेल्या, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या तुकडीवर माधवराव पेशव्यांनी हल्ला चढवला आणि पुरामुळे निजामाला नदीपलीकडून मदत पाठवता आली नाही, हे त्यांनी पात्राकडे बोट दाखवत सांगितले, तेव्हा लढाईच्या निकालात गोदावरीचाही वाटा होता हे प्रथमच ध्यानात आले. तिथेच त्यांनी शेतातली काळी माती थोड्या पाण्यात मळून प्रत्येकाच्या हातावर तिचा गोळा ठेवला. दुसऱ्या दिवशी धारूरच्या घाटात त्यांनी तसाच प्रयत्न मुरमाड मातीवर केला. ती बोटांतून गळून गेली. ओल धरून ठेवणारी जमीन आणि पाऊस वाहून जाऊ देणारी जमीन यांतला फरक एवढ्या सोप्या रीतीने मी कधी अनुभवला नव्हता.

धारूरचा किल्ला आम्ही धावतच पाहिला. खरा वेळ घाटावरच्या एका वस्तीत गेला, आणि तो तसाच जायला हवा. निम्म्याहून अधिक घरांना कुलपे होती. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन हे कोयते दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. जेमतेम तासाभराच्या अंतरावर माजलगावच्या शिवारात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असताना घाटावरच्या माणसाला ऊस भेटतो तो परमुलखात आणि तोही दुसऱ्याच्या मालकीचा. ओट्यावर दोन नातवंडांना भाकरी चारणाऱ्या एका आजींना सरांनी विचारले, "आजी, पोरं कधी परततील?" त्या म्हणाल्या, "लेकरं माज्यापाशी ठिवून गेलेत. पाडव्यापस्तोर वाट बघायची." त्यानंतर बराच वेळ आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

इथेच माझी एक गंभीर तक्रार आहे. आमच्यातील काही जणांनी न विचारता त्या घराची छायाचित्रे काढली आणि संयोजकांनी त्यांना अडवले नाही. वस्तीत शिरण्यापूर्वी याबाबत स्पष्ट सूचना द्यायलाच हवी, कारण तिथली माणसे देखाव्यासाठी बसलेली नाहीत.

मुक्काम साधा पण स्वच्छ होता, आणि ज्वारीची भाकरी, ठेचा व पिठले असे रात्रीचे जेवण उत्तम होते. बालाघाटची सीताफळे खायची असतील तर ऑक्टोबरच्या सुमाराची तारीख घ्यावी. ऊसतोडीचे स्थलांतर समजून घ्यायचे असेल, तर डिसेंबर किंवा जानेवारीच योग्य. घाटावर पायी चढण आहे, त्यामुळे पिण्याचे पाणी सोबत पुरेसे ठेवावे.