मशीन रॅकमध्ये, माणूस टेबलापाशी: मध्ये सॉफ्टवेअर की ट्रान्समीटर-रिसीव्हर?

एडिटिंग रूममध्ये पंख्यांचा आवाज आणि गरमी नको म्हणून मशीन, म्हणजे एडिटिंगचा कॉम्प्युटर, सर्व्हर रूममधल्या रॅकला जातं. टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस एवढंच उरतं. या दोन टोकांना जोडायचं कशाने?

पैसे न मोजता मिळणारा पर्याय म्हणजे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कमार्फत ते मशीन वापरण्याचं सॉफ्टवेअर. विंडोज प्रोमध्ये तो असतोच. होम आवृत्तीत मात्र त्या मशीनमध्ये बाहेरून शिरता येत नाही. बिलं, टॅली, ईमेल, घरून व्हीपीएनवर केलेलं काम, एवढ्यासाठी मी दुसरं काही घ्यायला सांगणार नाही. पण तो चालतो विंडोजच्या आत. अपडेटनंतर विंडोज उठलंच नाही, की तुमची वाटही बंद. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी मशीनच्या सेटिंगची स्क्रीन, तर दिसतच नाही.

दुसरा पर्याय ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या जोडीचा: मशीनपाशी ट्रान्समीटरचा डबा, टेबलापाशी रिसीव्हरचा, मध्ये नेटवर्क. ट्रान्समीटर मशीनच्या डिस्प्लेपोर्टला किंवा एचडीएमआयला आणि यूएसबीला लागतो. मशीनच्या लेखी तो साधा मॉनिटर आणि कीबोर्ड. काही इन्स्टॉल करायचं नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळं सारखंच, आणि बायोसही टेबलावरून दिसतं. बंद मशीन सुरू करण्याची सोय मात्र वेगळी पाहावी लागते.

खरी पारख चित्राची करा. १९२० × १०८०, सेकंदाला ६० फ्रेम, हे चित्र न दाबता (कॉम्प्रेशनशिवाय) पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतात. ऑफिसातला नेटवर्क स्विच बहुधा १ गिगाबिटचा. ४के ६० फ्रेमला १२ गिगाबिटच्या आसपास, म्हणजे १० गिगाबिटच्या लाइनवरही थोडं कॉम्प्रेशन आलंच. ते कसं केलंय, तिथेच स्वस्त आणि महाग जोडीतला फरक आहे. रंगाची माहिती कमी केली असेल, तर काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं फुटतात. डेमोत सिनेमाचा ट्रेलर पाहू नका, ही अक्षरं पाहा. मग माउस जोरात फिरवा. कर्सर हाताच्या मागे राहिला, तर त्या जोडीवर दिवसभर टाइमलाइन कापणं हा छळ आहे. कलर ग्रेडिंगवाल्यांनी तर इथे तडजोड अजिबात करू नये.

एचडीबेसटी या थेट केबलवरून चित्र पाठवणाऱ्या पद्धतीचे डबे दिसायला असेच, केबलही कॅट ६चीच, पण ते स्विचमधून जात नाहीत. १०० मीटरच्या आत एक मशीन आणि एक टेबल असेल, तर तेच घ्या. सेटिंगची कटकट कमी. उद्या चार मशीन तीन टेबलांवरून हवी तेव्हा वापरायची असतील, तर आयपीवरचीच, म्हणजे नेटवर्क स्विचमधून जाणारीच जोडी. तिच्यासाठी स्विच वेगळा ठेवा. एक चित्र अनेक रिसीव्हरवर पाठवताना स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (चित्र मागणाऱ्या पोर्टवरच ते पाठवण्याची सोय) सुरू नसेल, तर तो लोंढा प्रत्येक पोर्टवर जातो आणि ऑफिसचं नेटवर्क ठप्प होतं.

दोन कंपन्यांचे डबे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून पहिल्याच ऑर्डरमध्ये एक ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर जास्तीचा लिहा.