पाइनसिल, पीडी चार्जर आणि तिसरी घंटा: विंगेत सोल्डरिंग करणाऱ्याचा अनुभव

मी मराठी नाटकांचा साउंड ऑपरेटर. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, मधूनच ठाण्या-कल्याणचा प्रयोग, असा आठवडा जातो. आमच्या धंद्यात केबल घरी कधीच तुटत नाही, पहिल्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्येच तुटते. त्यामुळे खिशात मावेल असं सोल्डरिंग आयर्न ही माझी हौस नाही, गरज आहे. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर पाइनसिल व्ही२ हे यूएसबी-सी चार्जरवर चालणारं आयर्न घेतलं. आता पुन्हा ढग जमायला लागलेत, तर लिहायला हरकत नाही.

आधी मत सांगून टाकतो. आयर्न उत्तम आहे. पण ते कुठल्या चार्जरला, कुठल्या केबलने लावता, यावर त्याचा अर्धा उत्तमपणा अवलंबून आहे. लोक आयर्नच्या किमतीची घासाघीस करतात आणि ड्रॉवरमध्ये सापडेल तो चार्जर लावून "गरमच होत नाही" म्हणून बोंब मारतात. बजेट आखायचं तर चार्जरपासून आखा.

माझं जुनं हत्यार म्हणजे सोल्ड्रॉन कंपनीचं २५ वॅटचं आयर्न. अजून ठणठणीत आहे. पण त्याला भिंतीतलं सॉकेट लागतं, आणि विंगेतली सगळी सॉकेटं लाइटवाल्यांच्या ताब्यात असतात. शिवाय तापायला चांगली काही मिनिटं घेतं आणि थंड व्हायला त्याहून जास्त. प्रयोग सुरू व्हायच्या वेळी तापलेलं आयर्न बॅगेत कोंबता येत नाही.

म्हणून मध्यंतरी ते पारदर्शक दांड्याचं, ५ व्होल्ट ८ वॅटचं यूएसबी आयर्न घेऊन पाहिलं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बऱ्याच काउंटरवर टांगलेलं दिसतं. हेडफोनच्या पिनेसारखा मागे खोचायचा बिट (म्हणजे तापणारं टोक), बोट लावलं की तापणार, खाली ठेवलं की अर्ध्या मिनिटाच्या आत आपोआप बंद. कॉलर माईकची केसासारखी वायर, एलईडीच्या माळेचा तुटलेला जोड, खेळण्यातली बॅटरीची वायर, एवढ्याला ते झकास चालतं, आणि या कामांसाठी कुणी घेणार असेल तर मी नको म्हणणार नाही. पण पी-३८ जॅकच्या (जाड ऑडिओ पिनेच्या) अर्थच्या पट्टीवर टेकवलं की पट्टी सगळी उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डर तिथल्या तिथे दाणेदार होऊन बसतं. वरून जोड झालेला दिसतो, आतून ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड. दुसऱ्या अंकात नट हातवारे करतो आणि स्पीकर खरखरतो.

यात आयर्नचा दोष नाही. ८ वॅट म्हणजे ८ वॅट. तापमान चढतं, पण धातूने ते ओढून घेतल्यावर भरून काढायला मागे ताकद नाही. त्यात तापमानाचं नियंत्रण नाही, म्हणजे मोकळं धरलं की जास्त तापणार आणि जाड धातूला लावलं की गारठणार. वर ५ व्होल्टवर केबलही नडते. जाता-येता मिळून ०.३ ओमची बारीक केबल असेल आणि दीड-दोन अँपिअर वाहत असतील, तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास केबलच खाते. ५ मधला अर्धा व्होल्ट गेला की वॅटचा साधारण पाचवा हिस्सा गेला. आणि हे आयर्न लॅपटॉपच्या पोर्टला कृपा करून लावू नका. जुन्या यूएसबी २.० पोर्टची हद्द ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. हे मागतं दीड अँपिअरहून जास्त.

पाइनसिलचं गणित वेगळं आहे. त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नाही. चार्जरकडून जे व्होल्टेज मिळेल तेच चालू-बंद करत बिटला देतं. लांब बिटचा रोध ८ ओम. आता व्होल्टचा वर्ग करा आणि ८ ने भागा. २० व्होल्टला ५० वॅट. १५ ला २८. १२ ला १८. ९ ला जेमतेम १०. आणि ५ व्होल्टला ३ वॅट, म्हणजे वर सांगितलेल्या स्वस्त आयर्नच्याही खाली. तेच यंत्र, तोच बिट, फक्त मागचा चार्जर बदलला. छोट्या बिटचा रोध ६.२ ओम, त्यामुळे २० व्होल्टला तो ६५ च्या जवळ जातो.

म्हणून चार्जरच्या पुढच्या बाजूला ठळक छापलेल्या वॅटकडे बघायचंच नाही. उलटा करायचा आणि भिंग लावून बारीक अक्षरं वाचायची. आउटपुटच्या ओळीत २० व्होल्ट, निदान ३ अँपिअर असं लिहिलेलं पाहिजे, आणि पीडी (पॉवर डिलिव्हरी) हे शब्द पाहिजेत. नसेल तर परत द्यायचा. आपल्याकडे घरोघरी मोबाईलबरोबर आलेले ६५ वॅटचे चार्जर पडलेत. त्यातले बरेच १० व्होल्ट आणि ६.५ अँपिअर करून ते ६५ भरतात, तेही फक्त आपल्याच कंपनीच्या फोनला ओळखल्यावर. पाइनसिलला त्यांच्याकडून ५ किंवा ९ व्होल्ट मिळतात. आमच्या लाइटच्या अण्णांनी असाच एक चार्जर आणून दिला होता.

"अरे, पासष्ट वॅटचा आहे, तुझं पन्नासचं आयर्न नाही चालणार?"

"अण्णा, पासष्ट आहेत, पण माझ्यासाठी नाहीत."

दोन पोर्टवाला चार्जर असेल तर आणखी एक गंमत. तुम्ही ऐन जोडावर असताना कुणीतरी दुसऱ्या पोर्टला फोन लावतो, चार्जर दोघांत वाटणी नव्याने करायला घेतो, आणि आयर्न क्षणभर बंद पडून परत सुरू होतं. काम करताना दुसरा पोर्ट मोकळाच ठेवायचा. विंगेत हे पाळायला लावणं अवघड आहे, कारण सगळ्यांचेच फोन मरायला टेकलेले असतात.

केबलवर मात्र पैसे उधळायची गरज नाही. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंत चालते. ५ अँपिअरसाठी आत ई-मार्कर चिप असलेली केबल लागते. ८ ओमचा बिट २० व्होल्टला ओढतो अडीच अँपिअर, म्हणजे १०० वॅट छापलेली महागडी केबल कशाला? छोटा बिट ३ च्या किंचित वर जातो, तेव्हा तो वापरणाऱ्यांनी हवं तर विचार करावा. मी पैसे घातले ते सिलिकॉनच्या आवरणात. एक तर ती केबल लोळागोळा मऊ असते, मनगटाला ओढत नाही. दुसरं म्हणजे तापलेला बिट चुकून लागला तर पीव्हीसीसारखी लगेच वितळत नाही. दुकानात जाताना खिशात छोटा यूएसबी मीटर ठेवतो. चार्जर आणि आयर्नच्या मध्ये मीटर लावून २० व्होल्ट दिसले तरच पैसे. लॅमिंग्टन रोडचे दुकानदार याला नाक मुरडत नाहीत, तिथे तपासून घेणारी गिऱ्हाइकं रोजची आहेत.

पॉवर बँक हा माझ्यासाठी या सगळ्याचा गाभा. बाजारात सगळ्यात जास्त दिसतात त्या २२.५ वॅटच्या. त्यांच्यावर आयर्न चालतं, पण ९ किंवा १२ व्होल्टवर, म्हणजे १० ते १८ वॅट. कॉलर माईक जमतो, कॅनन (माईक केबलचा तीन पिनांचा कनेक्टर) कसाबसा जमतो, पी-३८ ची अर्थ जमत नाही. मी घेतलेली २० व्होल्ट देणारी आहे, २०,००० मिलिअँपिअर-तासांची. आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं तर कागदावर ७४ वॅट-तास, हातात त्याहून कमी येतात. तरी बिट एकदा तापल्यावर सरासरी ओढ बरीच खाली येते, त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी ती कधी संपली नाही. नागपूर-गोव्याच्या दौऱ्यात विमानाने जावं लागलं तर १०० वॅट-तासांच्या आतली असल्याने केबिनच्या बॅगेत नेता येते. चेक-इनच्या बॅगेत पॉवर बँक चालत नाही. घेताना बीआयएसचा शिक्का आणि त्याखालचा आर-ने सुरू होणारा नंबर बघावा, बीआयएस केअर या अॅपमध्ये तो टाकून खातरजमा करता येते. चार्जरच्या बाबतीतही तेच. रेल्वे स्टेशनबाहेरच्या टोपलीतून उचललेल्या चार्जरवर तीनशे-साडेतीनशे अंशांची वस्तू चालवायची, हे मला पटत नाही.

आता ज्याबद्दल फार कमी लोक बोलतात ते. दोन पिनांच्या चार्जरला लावलेल्या आयर्नचा बिट आणि खरी अर्थ यांच्यात मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजून बघा. नव्वद-शंभर व्होल्ट दिसतात. घाबरायचं कारण नाही, चार्जरच्या आत प्रायमरी (भिंतीकडची बाजू) आणि सेकंडरी (आउटपुटची बाजू) यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून झिरपलेलं ते व्होल्टेज असतं. करंट मिलिअँपिअरच्याही अंशात. हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं तेच हे. माणसाला काही होत नाही, पण कॉलर माईकसारख्या इलेक्ट्रेट माईकच्या कॅप्सूलमध्ये इवलासा फेट (एक नाजूक ट्रान्झिस्टर) असतो, त्याला हे मानवेलच असं नाही. कॉलर माईकची किंमत आठवली की मी धोका पत्करत नाही. कॅप्सूलचं काम नेहमी पॉवर बँकेवर, आणि ती पॉवर बँक त्या वेळी स्वतः चार्जिंगला लावलेली नसते, नाहीतर पुढच्या दाराने घालवलेलं मागच्या दाराने परत येतं.

भिंतीवरच काम करायचं असेल तर पाइनसिलच्या मागच्या टोकाला अर्थसाठी स्क्रू दिलेला आहे. तिथून वायर काढून, मध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर घालून अर्थला जोडायची. रेझिस्टर गाळू नका. पण त्याआधी अर्थ खरोखर आहे का ते बघायला हवं. गिरगाव-परळच्या जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांचं सॉकेट दिसतं, तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट, असं मिळालं तर ठीक. ही मोजणी जमत नसेल तर वायरमनला बोलवावं, सॉकेटमध्ये उघड्या तारा खोचून बघू नये.

लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अडॅप्टरही चालतो, पाइनसिलला ५.५ बाय २.५ मिलिमीटरचा गोल जॅकही आहे आणि तो १२ ते २४ व्होल्ट घेतो. मधली पिन पॉझिटिव्ह हवी. १९ व्होल्टला ४५ वॅट मिळतात, म्हणजे घरात असा अडॅप्टर धूळ खात पडला असेल तर नवा चार्जर घ्यायचीही गरज नाही. सी पोर्ट आणि हा जॅक एकाच वेळी मात्र लावत नाही.

साउंडवाल्यांसाठी एक वेगळी ओळ: केबल मिक्सरला लागलेली असताना सोल्डर करू नका. कन्डेन्सर माईकसाठी मिक्सरकडून केबलमधूनच जाणारा ४८ व्होल्टचा पुरवठा, म्हणजे फँटम, चालू असतो, त्यात बिटने कॅननच्या पिन २ आणि १ एकत्र आल्या की काय होईल ते मिक्सरच्या नशिबावर. दोन्ही टोकं काढायची, मगच आयर्न उघडायचं.

प्रत्यक्ष काम कसं होतं? २० व्होल्टवर काही सेकंदांत तापतं. ६३/३७ ची (कथील-शिशाची) सोल्डर वायर १८३ अंशांना वितळते, मी कॅननसाठी ३५० ठेवतो, कॉलर माईकला ३२०. शिसं नसलेली वायर वापरणाऱ्यांना थोडं वर जावं लागेल, ती २१७ च्या पुढे वितळते. जोड दोन सेकंदांत होतो आणि वायरचं प्लॅस्टिक मागे सरकत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आत हालचाल ओळखणारा सेन्सर आहे, खाली ठेवलं की काही वेळाने तापमान आपोआप उतरवतं आणि नंतर पूर्ण बंद होतं. या सोयीवर विसंबून आयर्न काळ्या मखमलीच्या विंगेजवळ ठेवू नये, झोपेतही ते १५० अंशांवर असतं. खोक्यात स्टँड येत नाही, चार्जरही येत नाही. स्टँड वेगळा घेतलाच पाहिजे, हा खर्च आधीच धरा. काम झाल्यावर पंख्याच्या वाऱ्यात धरलं की तिसऱ्या घंटेआधी बॅगेत जाण्याइतकं गार होतं. काम करताना मात्र तोच पंखा बंद, तो जोड थंड करतो. धूर तोंडावर येणार नाही असं बसायचं. फ्लक्समधल्या राळेचा धूर दम्याला बरा नाही. आणि शिशाच्या वायरीनंतर हात धुतल्याशिवाय बटाटेवड्याला हात लावायचा नाही.

मुंबईच्या पावसाळ्याने बिटवर परिणाम केला. दमट, खाऱ्या हवेत उघडा बिट ठेवला की काळा पडतो आणि सोल्डर धरत नाही. उपाय साधा, बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा जाडसर थर राहू द्यायचा, पुसून चकचकीत करायचं नाही. घासायला पितळी तारेचा गुंडा, कानशी किंवा पॉलिश पेपर अजिबात नाही, वरचा लोखंडाचा मुलामा गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं.

कुणी घेऊ नये? ज्याचं टेबल ठरलेलं आहे, बाजूला अर्थ असलेलं सॉकेट आहे आणि महिन्यातून एकदा इस्त्रीची वायर नाहीतर मुलांच्या शाळेचा प्रोजेक्ट जोडायचा आहे, त्याला भिंतीवरचं २५ वॅट पुरतं. पाइनसिल, ६५ वॅटचा चार्जर, केबल आणि स्टँड एवढं मिळून जे बिल होतं, त्यात त्याचं जन्मभराचं सोल्डर येईल.