संघटनेचा सभासद झालो, त्याची गोष्ट (पाचपैकी चार तारे)

पणजीत सरकारी कारकून म्हणून लागून अकरा वर्षं झाली, पण कर्मचारी संघटनेचा फॉर्म भरला तो माझी वेतनवाढ फायलीत अडकली तेव्हा. बेतीच्या फेरीबोटीत भेटणाऱ्या संघटनेच्या सचिवांनी माझं सर्व्हिस बुक (नोकरीच्या नोंदींची वही) काढायला लावलं आणि एका नोंदीखाली सहीच नाही, हे बोट ठेवून दाखवलं. तीन आठवड्यांत थकबाकी जमा! वर्गणी पगारातूनच कापतात, जाणवतही नाही.

संपाची भाषा मात्र जपून. सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ सालीच सांगितलंय. सभा साडेपाचची, सुरू होते सव्वासहाला. भाषणं लांबलचक, आणि मागच्या रांगेपर्यंत पातळभाजी पोचतच नाही, नुसते पाव. एक तारा त्याचाच कापला.