व्हिडिओ डिलीट केला, 80,500 रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. नाशिकच्या अंबडला 22 वर्षं फॅब्रिकेशन करतोय. तरी पेटंटच्या नादात 80,500 रुपयांना गंडलो. 'सर्च'चे, म्हणजे असं आधी कुणी केलंय का ते शोधायचे 25,000, ड्राफ्टिंगचे, म्हणजे अर्ज लिहायचे 37,500, 'सरकारी फी' 18,000. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला 1,600 आणि तपासणीच्या विनंतीला 4,000 लागतात, हे नंतर कळलं. भरण्याआधी पेटंट ऑफिसच्या साइटवर फी स्वतः बघा.

वस्तू साधी. कांदा चाळीत खालून हवा मारणारा पाइप, ब्लोअर आणि गरम झालं की ब्लोअर चालू करणारा सेन्सर. लासलगावला बसवला तेव्हा पुतण्यानं शूट करून यूट्यूबवर टाकलं. त्यात मी पाइपवर बोट ठेवून सांगतोय, "भोकं आठ मिलिमीटरची, दोन भोकांत सहा इंच."

आठ महिन्यांनी पेटंटसाठी कन्सल्टंटकडे गेलो. व्हिडिओचं मीच सांगितलं, लपवलं नाही! तो म्हणाला, "डिलीट करून टाका भाऊ, आधी दाखवलं तरी अर्जाला वर्षभराची सूट असतेच." सूट आहे तर डिलीट कशाला? एवढा साधा प्रश्न पडला नाही मला. द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये बसून डिलीट केला, वर त्याला अंगठा पाठवला.

ती सूट सरकारनं गॅझेटात जाहीर केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या गोष्टींना असते. यूट्यूबला नाही. अर्ज आधी, व्हिडिओ नंतर.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर कुणीतरी मंजुरीआधीच विरोध नोंदवला. पुरावा काय, तर दुसऱ्या चॅनलनं उचललेला माझाच व्हिडिओ, तारखेसकट. माझं म्हणून अर्जात सांगितलेले तिन्ही भाग, पाइप, ब्लोअर, सेन्सर, एकाच ठिकाणी, अर्जाच्या आधी, जगासमोर. पेटंटला लागणारं नावीन्य खल्लास. दाखवणारा मीच होतो, याला किंमत शून्य. हळदीचं अमेरिकन पेटंट 1997 साली जुन्या लिखाणाच्या पुराव्यावर रद्द झालं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या. इथं जुना पुरावा मीच.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या मारल्या. एक साहेब म्हणाले, सिव्हिल मॅटर. दुसऱ्यांनी सायबरला धाडलं. सायबरवाले म्हणतात, पैसे समोर बसून दिलेत, ऑनलाइन कुठं फसलात? तिसऱ्यांनी तर विचारलं, "पेटंट म्हणजे आयएसआयसारखंच ना?" अर्ज घ्यायला कुणी तयार नाही, पोच तर लांबच. करारपत्र नाही म्हणून सगळे मलाच हसतात. लेखी घ्या, आणि माणूस नोंदणीकृत पेटंट एजंट आहे का ते यादीत तपासा. माझा नव्हता.

परवा त्याचाच फोन आला. "भाऊ, नवीन डिझाइन काढा, सर्च अर्ध्या फीत करून देतो."