के-५ लिओपोल्ड रेल्वे तोफ, १/७२ (खरीच्या बहात्तराव्या हिश्शाचा) किट : तोफ झकास, रूळ गंडलेत

सांगलीत प्लॅस्टिक मॉडेलचं सामान मिळायची बोंबच आहे त्यामुळे हा किट ऑनलाइन मागवला, विकणाऱ्यानं पॅकिंग इतकं भिकार केलेलं की खोक्याचा कोपरा पार चेपलेला, नशीब आतल्या फ्रेम शाबूत. साडेचार हजाराला पडला. महाग आहे पण माल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, के-५ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची रुळावरची तोफ, क्रुप कंपनीनं बनवलेली, वजन २१८ टन, नळी साडेएकवीस मीटर, आणि २५५ किलोचा गोळा ६४ किलोमीटरवर. सांगली स्टेशनात उभी करून डागली तर कराडकरांनी पळायचं!

किटमधली नळी ३० सेंटिमीटरची आहे, पण दोन फाकांत येते आणि खरी कसोटी तिथंच लागते. जोडावर पुट्टी भरा, वाळू द्या, मग ४०० आणि ८०० चा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हळूहळू घासा, घाई केली की नळी एका बाजूनं चपटी दिसते. रंगाला गाड्यांच्या टचअपचा ग्रे स्प्रे मस्त बसतो. बोगी (खालचे चाकांचे गाडे) मात्र बघत राहावं अशा केल्यात, दोन बोग्या, प्रत्येकीला सहा ॲक्सल, ब्रेकचे गुटकेसुद्धा वेगळे. शेजारचे काका मिरज यार्डातून रिटायर झालेत, ते चष्मा लावून ॲक्सल मोजत बसले आणि म्हणाले, "बारा हाईत. म्हंजे एकावर अठरा टन. आरं, आपली भरलेली मालगाडी ह्याच्यापेक्षा जड असती की!"

आता तक्रार. सोबत दिलेले रूळ सरळ आहेत. ही तोफ जाग्यावर जेमतेम दोन डिग्री फिरायची, म्हणून नेम धरायला वळणाची सायडिंग (मुख्य मार्गाच्या बाजूला काढलेला रूळ) टाकायचे आणि अख्खी तोफ इंजिनानं पुढंमागं सरकवून दिशा जुळवायचे, नाहीतर मग खास टर्नटेबल, म्हणजे गोल फिरणारा चौथरा. सरळ रुळावर ठेवली की हा सगळा खेळच कळत नाही. स्लीपर सुटे आहेत म्हणून बरं, मी रूळ गरम पाण्यात धरून हलके वाकवले आणि पाटावर वळण करून घेतलं, मग कुठं ती तोफ वाटायला लागली.

खऱ्या के-५ आता दोनच उरल्यात. एक, इटलीतल्या अँझिओच्या लढाईत दोस्त राष्ट्रांच्या फौजांना जेरीस आणणारी 'अँझिओ ॲनी', १९४४ ला इटलीत सिव्हिटाव्हेकियाला सापडली, आधी अमेरिकेत ॲबरडीनला होती, आता व्हर्जिनियात फोर्ट लीच्या लष्करी तळावर आहे. दुसरी फ्रान्सच्या किनाऱ्यावर ओडिंगाँला, बॅटरी टॉट नावाच्या बंकर म्युझियमबाहेर, तुमचं कोणी पोरगं पॅरिसला शिकत असेल तर त्याला पाठवा. इंग्लंडला जाणाऱ्यांनी पोर्ट्समथजवळ फोर्ट नेल्सन बघावं, तिथं १८ इंच तोंडाची रेल्वे हॉवित्झर (गोळा उंचावरून टाकणारी तोफ) आहे. रशियाच्या १२ इंच तोंडाच्या रेल्वे तोफा सेंट पीटर्सबर्ग आणि मॉस्कोत आहेत, त्यांच्या नळ्या १९१६ ला सेव्हास्तोपोलला बुडालेल्या युद्धनौकेच्या. आणि सगळे विचारतात ती जर्मनांची ८० सेंटिमीटर तोंडाची गुस्ताव? १३५० टनांचं धूड, शेजारीशेजारी दोन रेल्वेमार्ग, म्हणजे चार रूळ लागायचे, सेव्हास्तोपोलवर ४८ गोळे टाकले. ती कुठंच उरली नाही.

पाचपैकी चार. पहिलाच किट असेल तर हा घेऊ नका, आधी एखादा छोटा रणगाडा करा. गोंद आणि रंग बॉक्समध्ये येत नाहीत, सोबतच मागवा.