१९५६ सालचे म्हणून विकलेले छापील कागद

रेल्वेच्या लघुप्रतिकृती करणाऱ्यांना जुन्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे ‘मूळ कागदांवरून स्कॅन करून लहान केलेली’ म्हणून विकणारे काही जण सध्या समाजमाध्यमांवर आढळतात. त्यांपैकी एकाने माझ्याकडून साडेचार हजार रुपये आगाऊ घेऊन जे पाठवले, ते आजच्या संगणकावर जुळवलेले बनावट साहित्य होते, आणि पैसे परत मागितल्यावर त्याने आणखी रक्कम काढून घेण्याचा प्रयत्न केला. असे कागद खरे की खोटे हे बरेचदा पैसे देण्यापूर्वीच ओळखता येते, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

मी सोलापूर स्थानकाबाहेरचा रस्ता १:८७ या प्रमाणात, म्हणजे एचओ मापात, उभा करत आहे आणि त्यासाठी १९५६ हे वर्ष धरले आहे. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची १९५१ मध्ये मध्य रेल्वे झालेली होती, पण व्यवहार अजून रुपये, आणे, पैचा होता. एकदा वर्ष ठरले की भिंतीवरचा प्रत्येक कागद त्या वर्षाशी जुळावा लागतो. सोलापूरच्या रस्त्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की मराठीच्या शेजारी कानडी, तेलुगू आणि उर्दू अक्षरे नसतील तर तो रस्ता सोलापूरचा वाटतच नाही. नेमक्या याच गोष्टी आपल्या संचात आहेत, असे विक्रेत्याने सांगितले होते. आजोबांच्या छापखान्यातील नमुन्यांच्या वह्या आपल्याकडे आहेत, असा त्याचा दावा होता. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत घड्या पडलेले, कडा झिजलेले आणि स्पष्टपणे जुने दिसणारे कागद होते. वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची सोय त्याने नाकारली, आणि हा शेवटचा संच असून दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे, असे सांगून त्याच रात्री रक्कम भरायला लावली.

पाकीट आले तेव्हा पहिला संशय माझ्या परिचयातील एका निवृत्त कंपोझिटर काकांना आला. त्यांचे अर्धे आयुष्य ट्रेडल या छपाईयंत्राच्या शेजारी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवण्यात गेले आहे. भिंग लावताच त्यांनी ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांवर बोट ठेवले. मराठी छपाईत या दोन अक्षरांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते, आणि संचातील सर्व मराठी मजकुरात ते सरसकट हिंदी वळणाचे होते, कारण संगणकावरील अनेक देवनागरी फॉन्टांत मुळात तेच वळण दिलेले असते. ‘येथे’, ‘नाही’ हे शब्दही सगळीकडे बिनटिंबाचे होते. ‘येथें’, ‘नाहीं’ यांवरचे जुने अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर अधिकृतपणे गेले. त्यापूर्वीही काही लोक ते गाळत असत, त्यामुळे एखाद्या पाटीवर ते नसणे हा पुरावा ठरत नाही, परंतु वेगवेगळ्या दुकानांच्या तीसेक कागदांवर एकदाही न आढळणे हा निश्चितच ठरतो.

यापुढचे दोष तर लहान मुलालाही दाखवता आले असते. चहाच्या दुकानाच्या पाटीवर दर ‘२५ नये पैसे’ असा होता. दशमान चलन १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाले. किराणा दुकानाच्या फलकावर किलोचे भाव होते, आणि मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीचा दुकानदार शेर आणि तोळे लिहीत असे. कापड दुकानाच्या पत्त्यात ४१३००१ हा पिनकोड होता, आणि पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ची. एका सरकारी सूचनेखाली ‘महाराष्ट्र राज्य’ छापले होते, जे १ मे १९६० पूर्वी अस्तित्वातच नव्हते. ज्या कागदाला विक्रेत्याने ‘कानडी जाहिरात’ असे नाव दिले होते, त्यावरची लिपी तेलुगू होती. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या एका मित्राने ती वाचली, तेव्हा ओळीला काही अर्थही नव्हता. आपल्या गावातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाषांना नुसती सजावटीची नक्षी समजून विकणे मला पैशांच्या नुकसानीपेक्षाही अधिक लागले. जुनेपणाचे तपकिरी डागसुद्धा सगळ्या कागदांवर त्याच कोपऱ्यात आणि त्याच आकाराचे होते.

छपाईही निकृष्ट होती. २० बाय ३० इंचांचे पोस्टर १:८७ मध्ये जेमतेम ५.८ बाय ८.८ मिलिमीटरचे होते. एवढ्या रुंदीत इंचाला ३०० ठिपक्यांची छपाई केली तर सुमारे ६९ ठिपके मावतात आणि त्यांत लहान अक्षर उमटणे शक्य नसते, म्हणून निदान १२०० ठिपक्यांची छपाई लागते. विक्रेत्याने १२०० लिहिले होते, पण भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसत होत्या. कागद चकचकीत फोटोपेपर होता. त्याची सुमारे ०.२ मिलिमीटर जाडी या मापात पावणेदोन सेंटिमीटर होते, म्हणजे भिंतीवर पोस्टर नव्हे तर फळी ठोकल्यासारखे दिसते. पातळ केलेला फेविकॉल लागताच इंकजेटची शाई पसरली आणि प्लास्टरची तयार भिंत डागाळली.

विक्रेत्याने पाठवलेली छायाचित्रे इंटरनेटवर उलट शोधून, म्हणजे चित्रावरून ते आधी कुठे आले आहे हे पाहिले असता, ती परगावच्या एका संग्राहकाने पूर्वीच प्रसिद्ध केलेली निघाली. हा पुरावा दाखवून पैसे मागितले, तेव्हा विक्रेत्याने ‘परताव्यासाठी’ म्हणून एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून यूपीआय पिन टाकण्यास सांगितले. पैसे स्वीकारताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला असता तर माझ्याच खात्यातून रक्कम गेली असती. मी नकार देताच त्याने मला ब्लॉक केले.

त्यानंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. संभाषण, व्यवहाराचा क्रमांक आणि पाकिटावरील शिक्का जपून ठेवल्यामुळे नोंदणीला अडचण आली नाही. १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे विक्रेत्याच्या आश्वासनांवर थांबू नये.

असे साहित्य घेणाऱ्यांनी मूळ कागदाचे छायाचित्र शेजारी फूटपट्टी आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवून मागावे. कागदाच्या पाठीचेही मागावे, कारण खिळ्यांनी छापलेल्या कागदाच्या मागे अक्षरांचा दाब बरेचदा जाणवतो आणि तिरप्या उजेडात तो दिसतो. ज्याच्याकडे वही खरोखर आहे त्याला हे पाच मिनिटांचे काम आहे. माझ्या विक्रेत्याच्या नावाने आता दुसरे खाते सुरू झाले असून त्यावर तीच छायाचित्रे आहेत, फक्त संचाचे वर्ष १९४८ केले आहे.