टोयोटा जीआर८६: कॅम्बर प्लेट, कॉइलओव्हर आणि एका सीझननंतरचं मत

अलाइनमेंटच्या (चाकांच्या कोनांच्या मोजणीच्या) प्रिंटआउटवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे कंपनीच्या रेंजमध्ये, आले म्हणजे गाडी ट्रॅकसाठी तयार झाली, हे कृपया मला कुणी सांगू नका. याच मुद्द्यावरून परवा वर्कशॉपमध्ये वाद झाला, म्हणून लिहायला बसलोय.

आधी कॅम्बर प्लेटचं कौतुक. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाकाचा कल, वरची कड आत झुकली की उणे; प्लेट म्हणजे तो कल बदलू देणारा स्ट्रटचा वरचा माउंट. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे चाक धरणारा स्प्रिंग-शॉकचा एकच उभा खांब. वळणात बॉडी कलते तेव्हा बाहेरच्या चाकाला पुरेसा उणे कॅम्बर मिळत नाही, आणि कंपनीतून येतानाच पुढचा कॅम्बर जवळपास शून्य. ट्रॅकवर टायरची बाहेरची कड सोलून निघते, आतला भाग नवाकोरा राहतो. पैसे अख्ख्या टायरचे, वापर अर्ध्याचा! मला हेच सगळ्यात जास्त खुपायचं. प्लेट लावून पुढे उणे ३ अंश केल्यावर पिटमध्ये पायरोमीटर (टायरचं तापमान मोजणारं यंत्र) लावला, तर आतली कड बाहेरच्यापेक्षा किंचित गरम. हवं होतं तसंच. लांब वळणांतलं अंडरस्टिअर (पुढची चाकं बाहेर सरकणं) गेलं, लॅप साधारण दीड सेकंदाने उतरला. भेटेल त्याला मी सांगत सुटलो: आधी कॅम्बर, बाकीचं नंतर बघा.

आता मी तसं सांगत नाही. कारण मागचा टो, म्हणजे वरून बघितलं तर चाक किती आत किंवा बाहेर वळलंय तो कोन. पुढची कड आत वळलेली असली की टो-इन.

कॉइलओव्हरच्या (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीच्या) स्प्रिंग बसून गाडीची उंची थोडी उतरली, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करून घेतलं. कॅम्बर तोच, टायर तेच, तरी वेळ वाढली. उजव्या वळणात गाडी रुळावरून धावल्यासारखी. डाव्या वळणात मात्र ब्रेक सोडता सोडता मागची बाजू निसटायची, की मग स्टिअरिंग सावरा आणि थ्रॉटल उशिरा द्या. प्रिंटआउट नीट वाचला: मागे डावीकडे टो-इन १४ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), उजवीकडे २. दोन्ही हिरवे. डाव्या वळणात सगळा भार उजव्या चाकांवर येतो, आणि मागच्या ज्या चाकाने गाडी धरायची त्यालाच टो-इन जवळपास नाही. हा १२ मिनिटांचा फरक १८ इंची रिमच्या कडेवर मोजला तर दीड मिलिमीटरपेक्षा जरासा जास्त. वर्कशॉपचं एकच पालुपद, ‘रेंजमध्ये आहे.’ रेंज रस्त्यासाठी असते हो! (मशीन दशांशात आकडे दाखवत असेल तर सांभाळा: ०.१२ अंश म्हणजे १२ मिनिटं नव्हेत, सातच्या आसपास.)

शेवटी घरीच दोरे ताणले. चारी बाजूंना स्टँड, गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोरा, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून स्टीलच्या पट्टीने अंतर. हवेचा दाब सारखा केलेला, सीटवर माझ्या वजनाइतकी पोती. मागे दोन्हीकडे ८ मिनिटं टो-इन, पुढे शून्य. वेळ परत आली, वर थोडी कमीही झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लॅपमागून लॅप आता जवळजवळ सारखे पडतात, आणि डाव्या वळणांत ब्रेक खोलवर नेण्याची हिंमत होते.

प्लेट घ्याच, पण उंची किंवा कॅम्बर हलवला की टोही हलतो, तेव्हा दर वेळी पुन्हा मोजा. वर्कशॉपला डावी-उजवीचे आकडे कागदावर लिहून द्या आणि तेवढेच मागा. नाही म्हणाले तर गाडी बाहेर काढा. रोजच्या वापरात प्लेटच्या पिलोबॉलचा (रबराऐवजी बसवलेल्या धातूच्या गोल बेअरिंगचा) खडखडाट येतो. मला चालतो. घरातल्यांना चालत नाही.